काट्यावरचा संगणक आणि हरवलेली नोंद

धुळे-सोलापूर महामार्गाने गेवराईहून बीडकडे येताना, किंवा उसाच्या हंगामात माजलगाव-तेलगावच्या रस्त्याने जाताना, कडेला वजनकाटे दिसतात. छोटी खोली, खिडकीशी लाल आकडे दाखवणारा इंडिकेटर, त्याला वायरने जोडलेला संगणक आणि कर्रकर्र आवाज करत पावती छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. कापसाची किंवा उसाची गाडी काट्यावर चढते, भरलेल्या गाडीचं वजन नोंदलं जातं. माल उतरवून गाडी परत आली की रिकामं वजन होतं, वजाबाकी होते आणि निव्वळ वजनाची पावती हातात पडते. शेतकऱ्याचे पैसे या कागदावर ठरतात. म्हणून या खोलीतला संगणक बंद पडला की बाहेर गाड्यांची रांग लागते आणि आतल्या माणसावर दडपण येतं. दडपणाखाली केलेली संगणकाची दुरुस्ती बहुधा चुकते.

अशा काट्यांवरचं सॉफ्टवेअर पुष्कळदा वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेलं असतं. मायक्रोसॉफ्टने १९९८ साली व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती आणली. शिकायला सोपी, खिडक्या आणि बटणं झटपट तयार होणारी ही भाषा तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. काटा, दूध संकलन, पतसंस्था, कृषी सेवा केंद्र अशा किती तरी ठिकाणचे हिशेब तिच्यात बांधले गेले. ही भाषा लिहिण्याच्या साधनाला असलेला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २००८ रोजी संपला. तयार झालेले प्रोग्राम मात्र आजही चालतात, कारण त्यांना लागणारी मूळ फाइल, एमएसव्हीबीव्हीएम६० नावाची, विंडोज ११ मध्येसुद्धा दिलेली असते.

अडचण येते ती संगणक बदलताना. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुने डबे जाऊन नवे येऊ लागले. जुन्या संगणकावरचं प्रोग्रामचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं जातं, नव्यावर उतरवलं जातं, चिन्हावर डबल क्लिक होतं आणि पडद्यावर छोटी पेटी उघडते: ‘रन-टाइम एरर ३३९: कॉम्पोनंट एमएसकॉम३२.ओसीएक्स ऑर वन ऑफ इट्स डिपेंडन्सीज नॉट करेक्टली रजिस्टर्ड: अ फाइल इज मिसिंग ऑर इनव्हॅलिड.’ खाली ‘ओके’. ते दाबलं की प्रोग्राम बंद.

हे वाक्य घाईने न वाचता तुकडे पाडून वाचलं, तर त्यात वेगवेगळे संशय दिसतात. घटकाची नोंद झालेली नाही, हा पहिला. घटक आहे, पण तो ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या फाइलींपैकी एखादी नाही, हा दुसरा. फाइलच गायब आहे किंवा ती बिघडलेली आहे, हा तिसरा. यापैकी कोणता खरा, हे शोधायला फार तर अर्धा तास लागतो. तरीही आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारा’. या सल्ल्यावर माझा ठाम आक्षेप आहे. फॉरमॅट मारल्याने नोंद तयार होत नाही, उलट होत्या त्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. प्रोग्रामची मूळ सेटअप सीडी कुठे आहे हे कोणालाच आठवत नाही. आणि पावत्यांची सगळी माहिती ज्या एमडीबी फाइलमध्ये आहे, ती आधी काढून घ्यायची राहिली तर कित्येक हंगामांचा हिशेब एका दुपारी जातो.

आता ‘नोंद’ म्हणजे नेमकं काय ते पाहू. १९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्टपुढे प्रश्न होता, की एकाने लिहिलेला तुकडा दुसऱ्याच्या प्रोग्रामला कसा वापरता यावा. तारीख निवडायचं कॅलेंडर, तक्ता दाखवणारी चौकट, सीरियल पोर्टवरून आकडे वाचणारं साधन ही प्रत्येक प्रोग्रामरने नव्याने का लिहावीत? १९९३ साली त्यावर कॉम्पोनंट ऑब्जेक्ट मॉडेल हे उत्तर आलं, थोडक्यात ‘कॉम’. प्रत्येक घटकाला १२८ बिटांचा, म्हणजे षोडशमान पद्धतीतल्या ३२ अंकांचा क्रमांक द्यायचा, जो जगात दुसऱ्या कोणाचा नसेल. प्रोग्राम घटकाला फाइलच्या नावाने हाक मारत नाही, या क्रमांकाने मारतो. सीरियल पोर्ट वाचणाऱ्या आपल्या घटकाचा, म्हणजे एमएसकॉम३२.ओसीएक्सचा, क्रमांक ६४८ए५६०० ने सुरू होतो आणि महिरपी कंसात लिहिलेला असतो. हा क्रमांक कोणत्या फाइलमध्ये राहतो, हे विंडोज आपल्या रजिस्ट्रीत, म्हणजे अंतर्गत नोंदवहीत, पाहतं.

सातबाऱ्याचा व्यवहार माहीत असलेल्याला हे लगेच कळेल. जमीन शिवारात आहे, खरेदीखतही झालेलं आहे, पण फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव चढलेलं नसेल, तर तलाठ्याच्या दप्तरी नवा मालक नाहीच. फाइल डिस्कवर आहे आणि रजिस्ट्रीत तिचा उल्लेख नाही, तेव्हा विंडोज नेमकं हेच म्हणतं. पेनड्राइव्हवरून फोल्डर उतरवल्याने फाइल येते, नोंद येत नाही. नोंद करणं हे सेटअपचं काम होतं आणि सेटअप चालवलेलाच नव्हता.

ही नोंद हातानेही करता येते. आर, ई, जी, एस, व्ही, आर ही अक्षरं आणि पुढे ३२, असं नाव असलेला एक छोटा प्रोग्राम विंडोजमध्येच असतो. बोलताना सगळे त्याला ‘रेगसर्व्हर’ म्हणतात. तो स्वतः काही लिहीत नाही. दिलेली फाइल उघडतो आणि तिच्या आत ‘डीएलएल रजिस्टर सर्व्हर’ नावाचं कार्य असेल तर ते चालवतो. आपला क्रमांक, आपलं नाव, आपला पत्ता रजिस्ट्रीत कसा लिहायचा, हे त्या फाइललाच ठाऊक असतं. उलट काम करायचं, म्हणजे नोंद काढायची, तर आदेशात तिरकी रेघ आणि यू हे अक्षर टाकायचं. हे समजलं की रेगसर्व्हरचे निरोप कोड्यासारखे वाटत नाहीत. तो कुठल्या पायरीवर अडला, एवढंच ते सांगत असतात.

पहिली पायरी परवानगीची. रजिस्ट्रीचा हा भाग सगळ्या वापरकर्त्यांसाठी एकच असतो, म्हणून तिथे लिहायला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, तुमचं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं असलं तरी प्रोग्राम साध्या अधिकारानेच सुरू होतो. म्हणून कमांड प्रॉम्प्टच्या चिन्हावर उजवं क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावं लागतं. ते विसरलं तर ८००७०००५ किंवा ८००२८०१सी असा कोड येतो. (पडद्यावर या कोडांआधी शून्य आणि एक्स असतो. तो इथे गाळला आहे.) यातला पहिला सरळ सांगतो की परवानगी नाही. दुसरा सांगतो की रजिस्ट्री उघडता आली नाही. दोन्हींवर उपाय एकच, आणि तो मिनिटाभराचा आहे.

दुसरी पायरी ठिकाणाची. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून थोडं थांबून पाहू. जुना संगणक ३२ बिटी विंडोज ७ चा होता असं धरा. त्यात एमएसकॉम३२.ओसीएक्स ही फाइल सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये होती. दुरुस्ती करणारा मुलगा ती तिथून उचलतो आणि नव्या संगणकाच्या सिस्टिम३२ मध्येच ठेवतो. त्याचा विचार चुकीचा म्हणता येत नाही, कारण जिथून घेतलं तिथेच ठेवलं. पण नवा संगणक ६४ बिटी आहे, आणि ६४ बिटी विंडोजमध्ये सिस्टिम३२ या फोल्डरात ६४ बिटी फाइली राहतात. ३२ बिटी फाइलींचं घर सिसवाऊ६४ नावाच्या फोल्डरात आहे. नावं अगदी उलटी वाटतात. जुन्या प्रोग्रामांत सिस्टिम३२ हे नाव पक्कं लिहिलेलं होतं, ते मोडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने ते नाव बदललं नाही.

याचा परिणाम असा होतो. तुम्ही आदेश देता. ६४ बिटी रेगसर्व्हर फाइल पाहतो, ती ३२ बिटी आहे हे ओळखतो आणि काम आपल्या ३२ बिटी भावंडाकडे सोपवतो. ते भावंड सिस्टिम३२ मध्ये शोधायला गेलं की विंडोज त्याला गुपचूप सिसवाऊ६४ कडे वळवतं. तिथे फाइल नाही. पडद्यावर निरोप येतो, ‘द मोड्यूल फेल्ड टू लोड’, आणि खाली ‘द स्पेसिफाइड मोड्यूल कुड नॉट बी फाउंड’. समोर सिस्टिम३२ चं फोल्डर उघडं आहे, त्यात फाइल दिसते आहे, आणि संगणक म्हणतो सापडत नाही. इथे माणूस वैतागतो आणि फॉरमॅटकडे वळतो. खरं तर फाइल उचलून सिसवाऊ६४ मध्ये ठेवायची आणि त्याच फोल्डरातला रेगसर्व्हर पूर्ण पत्त्यासह चालवायचा, एवढंच करायचं असतं. व्हिज्युअल बेसिक ६ चा प्रत्येक प्रोग्राम ३२ बिटी असतो आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटीच मिळतं. म्हणजे नव्या संगणकावर हा प्रश्न प्रत्येक जुन्या प्रोग्रामला येणार, हे धरूनच चालावं.

तिसरी पायरी सोबत्यांची. काही घटक एकटे चालत नाहीत. पावत्या आणि अहवाल छापण्यासाठी त्या काळात क्रिस्टल रिपोर्ट्स फार वापरलं गेलं, कारण त्याची ४.६ ही आवृत्ती व्हिज्युअल बेसिकच्या सीडीवरच मिळायची. त्याच्या ओसीएक्स फाइलच्या पाठीशी सीआरपीई३२ हे छपाईचं इंजिन लागतं. ते नसेल तर एकट्या ओसीएक्सचा उपयोग नाही. अडचण अशी की सोबती सापडला नाही तरी रेगसर्व्हर तक्रार करतो ती तुम्ही दिलेल्या फाइलच्या नावानेच. अशा वेळी प्रोसेस मॉनिटर हे मोफत साधन फार उपयोगी पडतं. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी उभ्या केलेल्या सिसइंटर्नल्स या संचातलं ते आहे. मायक्रोसॉफ्टने २००६ साली हा संच आपल्याकडे घेतला. ते चालू ठेवून प्रोग्राम सुरू करायचा आणि ‘नेम नॉट फाउंड’ अशा ओळींपुरती यादी गाळून घ्यायची. प्रोग्राम कोणकोणत्या फोल्डरांत कोणती फाइल शोधत फिरला आणि रिकाम्या हाताने परतला, ते ओळीने दिसतं. ज्याला या कामात पुढे जायचं आहे, त्याने हे साधन शिकून घ्यावंच.

कधी कधी रेगसर्व्हर म्हणतो, फाइल उघडली, पण ‘एंट्री पॉइंट’ सापडला नाही. मग ती फाइल या पद्धतीने नोंदवायचीच नसते. एक तर ती साधी डीएलएल आहे, जी प्रोग्रामच्या शेजारी नुसती ठेवली तरी पुरते, किंवा ती डॉटनेटमध्ये लिहिलेली आहे आणि तिला ‘रेगॲझम’ हे दुसरं साधन लागतं. इथे पुन्हापुन्हा तोच आदेश देत बसू नये.

सगळं जुळलं की छोटी पेटी सांगते, ‘डीएलएल रजिस्टर सर्व्हर सक्सीडेड’. प्रोग्राम उघडतो. काट्यावर मात्र काम एवढ्यावर संपत नाही. नव्या संगणकाला नऊ पिनांचा सीरियल पोर्ट नसतो, त्यामुळे इंडिकेटरची वायर यूएसबी कन्व्हर्टरमधून जोडावी लागते, आणि कन्व्हर्टर स्वतःला कॉम ५, कॉम ७ असा कोणताही क्रमांक घेतो. (या ‘कॉम’ पोर्टाचा वरच्या कॉम्पोनंटवाल्या ‘कॉम’शी काही संबंध नाही.) प्रोग्राम कॉम १ वर कान लावून बसलेला असतो, म्हणून एरर ८००२ येते, म्हणजे पोर्टचा क्रमांक चुकीचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्सखाली त्या कन्व्हर्टरच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन क्रमांक बदलता येतो. एमएसकॉम हा घटक १६ च्या पुढचा पोर्ट ओळखतच नाही, हेही ध्यानात ठेवावं. एरर ८००५ आली तर पोर्ट बरोबर आहे, पण दुसऱ्या कोणीतरी तो आधीच उघडून धरलेला आहे. बहुतेक वेळा तो दुसरा कोणी म्हणजे आपल्याच प्रोग्रामची, मघाशी नीट बंद न झालेली प्रत असते. आष्टी-पाटोद्याकडच्या दूध संकलन केंद्रांवर वजनाचा काटा आणि फॅट मोजणारं यंत्र अशी दोन यंत्रं एकाच संगणकाला असली, तर दोघांचे पोर्ट वेगळे लिहून ठेवावेत.

हे सगळं चालू असताना बाहेर गाडी उभी असते, तिचं काय? वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ खाली पडताळणी होते ती काट्याची. संगणक फक्त इंडिकेटरवरचा आकडा वाचून कागदावर उतरवतो. त्यामुळे संगणक अडला तरी इंडिकेटरवरचं वजन खोटं ठरत नाही. भरलेलं वजन, रिकामं वजन, गाडीचा क्रमांक आणि वेळ छापील पावतीपुस्तकात हाताने लिहून, सही करून द्यावी. ‘मशीन बंद आहे’ म्हणून शेतकऱ्याला ताटकळत ठेवायला काही कारण नाही.

आता फाइल आणायची कुठून. नाव टाकून इंटरनेटवर शोधलं की डीएलएल आणि ओसीएक्स फाइली फुकट देणारी पानं समोर येतात. त्यांच्या नादी अजिबात लागू नये. आवृत्ती कोणती, मध्ये कोणी काय मिसळलं, काही कळत नाही, आणि तीच फाइल तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालवणार असता. खऱ्या घटकातही दोष निघतात. एमएसकॉमसीटीएल.ओसीएक्स या अतिशय वापरल्या जाणाऱ्या घटकात असाच दोष सापडला. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१२ मध्ये दुरुस्ती दिली, तरी त्या दोषाचा फायदा घेणारी बनावट वर्ड कागदपत्रं ईमेलने नंतर कित्येक वर्षं फिरत राहिली. म्हणून फाइल घ्यावी ती प्रोग्रामच्या मूळ सेटअपमधून किंवा मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या पॅकेजमधून. दोन्ही नसतील तर चालू असलेल्या आपल्याच जुन्या संगणकावरून घ्यावी, आणि तीही आधी अँटिव्हायरसखालून काढून.

डिजिटल सहीच्या जगातही हाच प्रश्न बराच काळ होता. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने अशा सहीला कायद्याची मान्यता दिली. ब्राउझरमधून सही करण्यासाठी अनेक ठिकाणी कॅपिकॉम नावाचा मायक्रोसॉफ्टचा घटक लागायचा. तो फक्त ३२ बिटी होता, त्यामुळे वर सांगितलेला फोल्डरचा घोळ तिथेही तसाच व्हायचा. मायक्रोसॉफ्टने तो घटक पुढे सोडून दिला. अजून कोणी जुन्या सूचनापत्रकातून तो नोंदवायला सांगत असेल, तर आधी त्या व्यवस्थेची नवी पद्धत विचारावी.

सेवा केंद्रांवर आणखी एक निरोप दिसतो. अंगठा घेणारं यंत्र जोडलेलं असतं आणि ‘डिव्हाइस नॉट रजिस्टर्ड’ असं येतं. इथे रेगसर्व्हरचा काही उपयोग नाही. आधारच्या प्रमाणीकरणासाठी २०१७ पासून नोंदणीकृत यंत्रांची पद्धत आली. तिथली नोंदणी उत्पादकाच्या सर्व्हरवर, इंटरनेटमार्फत होते. यंत्राची आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सेवा आपल्या संगणकावर ११,१०० ते ११,१२० यांच्यामधल्या एखाद्या पोर्टवर उत्तर देत असते. ती सेवा चालू आहे का, यंत्राचं वर्गणीचं वर्ष संपलं का आणि फायरवॉल आड येते का, एवढं तपासावं.

घरच्या संगणकावर काही नवं टाकलेलं नसताना फोटो किंवा एखादी फाइल उघडताना ‘क्लास नॉट रजिस्टर्ड’ आलं, कोड ८००४०१५४, तर बहुधा विंडोजच्या स्वतःच्या नोंदी किंवा फाइली बिघडलेल्या असतात. चालू कामात वीज गेली की असं होऊ शकतं. तिथे एकेक फाइल नोंदवत बसण्यापेक्षा आधी त्या प्रकारच्या फाइलीसाठी डिफॉल्ट ॲप पुन्हा निवडून पाहावं. त्याने भागलं नाही तर ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये डीआयएसएम आणि एसएफसी ही विंडोजची दुरुस्तीची साधनं चालवावीत. वेळ लागतो, पण माहितीला धक्का लागत नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या हाती याहून पक्का इलाज आहे. विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, रजिस्ट्रीत न लिहिता प्रोग्रामच्या शेजारी मॅनिफेस्ट नावाची छोटी फाइल ठेवून घटकाचा पत्ता सांगता येतो. मग फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर ठेवलं तरी प्रोग्राम चालतो, आणि दुसऱ्या कोणी जुनी आवृत्ती वर टाकून आपला घटक बिघडवण्याची भीतीही उरत नाही. ज्यांच्याकडे या जुन्या सॉफ्टवेअरांचा सोर्स अजून आहे, त्यांनी एवढं काम जरूर करावं.

आणि ज्यांच्याकडे तो नाही, म्हणजे काटेवाले, दूध केंद्रवाले, दुकानदार, त्यांनी चार गोष्टी एका पेनड्राइव्हवर आजच काढून ठेवाव्यात: प्रोग्रामची मूळ सेटअप, एमडीबी फाइल, प्रोग्रामला लागणाऱ्या ओसीएक्स आणि डीएलएल फाइली, आणि पोर्टचं सेटिंग लिहिलेली एक साधी मजकूर फाइल, म्हणजे ९६००, एन, ८, १ यांसारखी ओळ. हा पेनड्राइव्ह संगणकाला लावून ठेवू नये. एमडीबी फाइलची नवी प्रत निदान हंगामात दर आठवड्याला त्यावर घ्यावी.